कासव आणि सातवीचं गणित

मुख्याध्यापक वर्गाच्या दारात आले तेव्हा मी पहिलीतल्या एका पोराचा हात धरून त्याच्याकडून 'ग' गिरवून घेत होते. ते म्हणाले, "बाई, सातवीच्या गुर्जींची बदली झाली. नवा माणूस कधी येईल ते सांगता येत न्हाई. तवर सातवीचं गणित तुम्ही घ्या."

"सर, मी आर्ट्सची आहे," मी म्हटलं.

"डीएड तर सगळ्यांचं सारखंच असतं की," असं म्हणून ते हसले आणि निघून गेले. त्यांना वाटलं, मी नम्रपणा दाखवते आहे. मी मात्र तशीच वाकून बसले होते आणि माझ्या पोटात तोच जुना गोळा उठला होता.

तो गोळा माझ्या ओळखीचा होता. आमचं गाव केदारखेड्याच्या बाजूला, घरी शेती. मी शाळेत गेले ती सत्तर-ऐंशीच्या दशकांत. वाचायला मला मनापासून आवडायचं, कविता एकदा ऐकली की पाठ व्हायची. पण गणिताच्या तासाला फळ्यासमोर उभं केलं की खडू बोटांना चिकटून बसायचा, इतका घाम यायचा. आमचे गुरुजी वाईट नव्हते, पण घाईचे होते. उत्तर आलं नाही की ते पाठीमागून म्हणायचे, "जल्दी, जल्दी! सगळा वर्ग थांबलाय तुझ्यासाठी." आणि वर्ग खरोखरच थांबलेला असायचा. साठ डोळे पाठीत रुतायचे. मग मला साधी वजाबाकीसुद्धा सुचायची नाही. दहावीला गणितात मी काठावर पास झाले आणि घरी पेढे वाटले गेले तेव्हा मला आनंद झाला तो एकाच गोष्टीचा, की आता ह्या विषयाचं तोंड पाहायला लागणार नाही.

पुढे डीएड झालं, जिल्हा परिषदेची नोकरी लागली. हसनाबादला खोली केली होती आणि तिथून काळीपिवळी जीपने अर्ध्या तासावरच्या गावात शाळेला जायचे. पहिली-दुसरी मी आवडीने मागून घेतली होती. लहान मुलं मला लळा लावायची, आणि तिथलं गणित चिंचोके मोजण्यापुरतं होतं. अशी बरीच वर्षं गेली. नवं शतक लागून एक-दोन वर्षं झाली होती आणि मी समजत होते की आपण सुटलो.

सातवीचे पहिले काही आठवडे मी कसे काढले ते मलाच ठाऊक. रात्री जेवणं उरकली की दुसऱ्या दिवशीची उदाहरणं मी दोन-दोनदा सोडवून पाहायचे आणि सकाळी वर्गात तीच, त्याच क्रमाने फळ्यावर उतरवायचे. कुणी शंका विचारली की मी म्हणायचे, "आधी लिहून घ्या." मुलं लिहून घ्यायची. वर्ग शांत असायचा. बाहेरून जाणाऱ्याला वाटलं असतं, काय शिस्त आहे!

त्या वर्गात एक मुलगी होती. दोन घट्ट वेण्या, लाल रिबिनी, हसताना तोंडावर हात ठेवायची सवय. तिच्या वडिलांची गावाच्या नाल्यापलीकडे कापसाची शेती होती. मराठीच्या तासाला ती धडा असा वाचायची की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा गप्प होत. पण गणिताचा तास लागला की पाचच मिनिटांत ती उभी राहायची, "बाई, पाण्याला जाऊ?" गेली की तास संपेपर्यंत परत यायची नाही. एकदा मी तिच्या मागे गेले. ती हौदापाशी नुसती उभी होती. पाणी प्यालीच नव्हती. मला पाहून म्हणाली, "पोटात दुखून राह्यलंय, बाई."

तिच्या शेजारी थोडा वेळ उभी राहिले. तिच्या पोटात नेमकं कुठे दुखतं ते मला बोट ठेवून दाखवता आलं असतं.

दिवाळीच्या सुट्टीआधी तिचे वडील शाळेत आले. शांत माणूस, टोपी काढून हातात धरून बोलणारा. म्हणाले, "बाई, हिला सातवीनंतर घरीच ठिवावं म्हणून राह्यलो. हायस्कूल हसनाबादला. गणित बिलकुल जमत न्हाई म्हणती. मंग तिथं जाऊन नापास व्हायचं, त्यापरीस..." वाक्य त्यांनी अर्धंच सोडलं. मी म्हटलं, "अजून अर्धं वर्ष आहे, पाहू." पण कशाच्या जोरावर म्हटलं, हे मला सांगता आलं नसतं.

कॉम्प्युटर आला तो त्या सुट्टीनंतर. तालुक्याहून एक जीप आली, तिच्यातून मोठमोठी खोकी उतरली. गावातली अर्धी माणसं बघायला जमली. मुख्याध्यापकांनी नारळ फोडला, पडद्याला हळदीकुंकू लावलं, हार घातला. तांदळाची पोती ठेवायची खोली रिकामी करून तिथे त्याला टेबल मांडून दिलं. खोलीच्या बाहेर चपला काढायच्या, असा नियम झाला. पुढचे बरेच दिवस तो गुलाबी कापडाखाली झाकलेला राहिला, कारण त्याला हात लावायची कुणाची छाती होईना.

मग प्रशिक्षणाचं पत्र आलं. मुख्याध्यापकांच्या निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. दुसरे गुरुजी म्हणाले, "माझे डोळे दुखतात." राहिले मी.

भोकरदनला दोन दिवस प्रशिक्षण झालं. शिकवणारा मुलगा तिशीच्या आतला, भराभर बोलणारा. कॉम्प्युटर चालू कसा करायचा, बंद कसा करायचा, आपलं नाव कसं लिहायचं, हे झालं. दुसऱ्या दिवशी शेवटचा अर्धा तास उरला तेव्हा तो म्हणाला, "आता हे एक पोरांचं खेळणं बघून घ्या," आणि त्याने पडद्यावर एक कासव आणलं. खरं तर ते कासव नव्हतंच, पडद्याच्या मधोमध एक इवलासा त्रिकोण होता. पण त्याला कासवच म्हणायचं, असं तो म्हणाला. एफडी म्हणजे पुढे चाल, आरटी म्हणजे उजवीकडे वळ. किती चालायचं आणि किती वळायचं ते आकड्यात सांगायचं. कासव चालतं तिथे मागे रेघ उमटते. त्याने चार हुकूम दिले आणि चौकोन काढून दाखवला. बाकीचे शिक्षक पिशव्या आवरत होते. मी त्याला म्हटलं, "हे मला एका फ्लॉपीत घालून देता का?"

का मागितलं, मला नक्की सांगता येत नाही. बहुतेक ते कासव एकटं दिसलं म्हणून.

शाळेत परतल्यावर संध्याकाळी मुलं गेली की मी त्या खोलीत बसू लागले. लाईट असेल तोवर. पहिल्या दिवशी एफडीच्या ऐवजी चुकून दुसरंच काहीतरी अक्षर दाबलं गेलं. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली. मी अक्षर-अक्षर लावून वाचली. तिचा अर्थ होता, हे कसं करायचं ते मला माहीत नाही.

मी त्या ओळीकडे पाहतच राहिले. गणिताच्या तासाला "मला माहीत नाही" असं म्हणणारी आजवर मीच होते. आणि इथे एवढं मोठं, हार घातलेलं यंत्र ते सरळ सांगत होतं, आणि कुणी त्याला काही बोलत नव्हतं. मी एकटीच हसले. अक्षर दुरुस्त केलं, कासव चालू लागलं.

चौकोन झाला. मग मी त्रिकोण काढायला घेतला. तिन्ही बाजू सारख्या, म्हणजे प्रत्येक कोन साठ अंशांचा, एवढं माझं पाठ होतं. शंभर चाल, साठ वळ, शंभर चाल, साठ वळ, शंभर चाल. कासव भलतीकडेच गेलं. त्रिकोण होईना, फुटक्या माठाच्या कडेसारखा एक वाकडा तुकडा पडद्यावर उरला. मी पुसलं, पुन्हा केलं. पुन्हा तेच. शाळेत असते तर ह्या ठिकाणी मला घाम फुटला असता. पण मागून "जल्दी" म्हणणारं कुणी नव्हतं. कासव थांबलं होतं, आणि ते कितीही वेळ थांबायला तयार होतं.

शेवटी मी उठले आणि त्या खोलीतच त्रिकोणात चालले. चार पावलं सरळ, मग वळायचं. आणि वळताना माझं मलाच कळलं, की मी साठाहून कितीतरी जास्त वळते आहे. जवळजवळ पाठमोरी होते आहे. कोन साठचा आतल्या बाजूला राहतो. चालणारा वळतो तो बाहेरच्या बाजूने, उरलेला एकशे वीस. टेबलाशी जाऊन एकशे वीस टाकलं आणि कासव तीन बाजू चालून बरोबर निघाल्या जागी येऊन उभं राहिलं.

बाह्यकोन हा शब्द मी कितीदा लिहिला होता, परीक्षेत व्याख्यासुद्धा लिहिली होती. तो काय असतो ते मला त्या संध्याकाळी, तांदळाच्या वासाच्या खोलीत चालताना समजलं. वय पस्तिशीकडे झुकलेलं, आणि मी एकटीने टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी मी सातवीला त्या खोलीत नेलं. दाराशी चपलांचा ढीग झाला. मी म्हटलं, "हे कासव आहे. ह्याला कळतं पुष्कळ, पण आपण जेवढं सांगू तेवढंच करतं. ह्याच्याकडून घर काढून घ्यायचं." झालं. पोरं तुटून पडली. एक म्हणे पुढं चालव, दुसरी म्हणे आधी वळव. कासव भिंतीतून बाहेर गेलं, छपराच्या वर जाऊन उभं राहिलं, एकदा तर पडद्याबाहेर पडून दुसऱ्या बाजूने आत आलं, तेव्हा सगळी खोली खदखदून हसली. कुणी चुकलं तर मुलं म्हणत, "बघ, कासव कुठं गेल्तं!" चूक कासवाच्या नावावर जायची. चूक करणाऱ्यालाही हसू यायचं.

ती मुलगी मात्र दाराशी, चपलांजवळ उभी होती. आत आली नाही.

त्या हिवाळ्यात लाईटचं काही खरं नव्हतं. कधी सकाळी जायची ती दुपारी यायची. ऐन रंगात आलं की पडदा काळा आणि मुलं एकदम "अऽरे!" अशी ओरडायची. एकदा असंच झालं. घर अर्धं झालं होतं. मुलं हटून बसली, पुरं करायचंच. मी म्हटलं, "मग चला अंगणात. आपल्यातलंच कुणीतरी कासव होऊ द्या. डोळे बांधायचे, बाकीच्यांनी हुकूम द्यायचे."

"कासव कोण होणार?" असं विचारल्यावर सगळ्यांना हुकूम द्यायचे होते, कासव कुणालाच व्हायचं नव्हतं. माझी नजर दाराशी गेली. मी तिला म्हटलं, "तू होतीस का? काही करायचं नाही. सांगतील तसं चालायचं. चुकलं तर सांगणाऱ्याचं चुकलं, तुझं नाही."

तिने क्षणभर विचार केला. "माझं न्हाई?"

"तुझं बिलकुल नाही."

ती पुढे आली. तिचीच रिबीन सोडून डोळ्यांवर बांधली, हातात खडूचा तुकडा घेतला आणि वाकून शहाबादी फरशीच्या ओट्यावर ती कासव झाली. "पाच पावलं! उजवीकडं नव्वद! पाच पावलं!" मुलं बेंबीच्या देठापासून ओरडत होती. एकाने घाईत वळायला सांगितलंच नाही आणि ती सरळ ओट्याच्या कडेला आली, हाताला कड लागली तेव्हा थांबली. डोळे बांधलेलेच. म्हणाली, "आरं, वळायचं कोण सांगणार? मी आता खाली पडंल ना! इथं नव्वद पाहिजे."

सगळे हसले. मी हसले नाही. तिने कोन सांगितला होता. आपण होऊन, वर्गासमोर, मोठ्याने.

त्यानंतर लाईट गेली की मुलं स्वतःच तिला शोधायची, "कासव कुठंय?" काही दिवसांनी कासवाला हुकूम घेण्याचा कंटाळा आला आणि ती हुकूम देऊ लागली. मग एक दिवस ती पडद्यासमोरच्या खुर्चीवर बसलेली मला दिसली. कधी बसली ते माझ्या लक्षातही आलं नाही. तिला बैलगाडीचं चाक काढायचं होतं, आऱ्यांसकट. पहिल्यांदा आरे एका बाजूला दाटले, दुसऱ्या बाजूला मोकळी जागा राहिली. ती पडद्याकडे बघत पुटपुटली, "सगळ्यांना सारखं वाटून द्यावं लागल." पूर्ण फेरा तीनशे साठ, आरे बारा. तिने भागाकार तळहातावर केला आणि तीस टाकलं. चाक उमटलं. तिने तोंडावर हात ठेवला, पण डोळे हसतच होते.

फळ्यावरचं गणितही मग बदललं. मी "लिहून घ्या" म्हणायचं सोडून दिलं. शंका आली की मी म्हणायचे, "मलाही लगेच सुचत नाहीये, करून बघू." आधी हे म्हणताना जीभ अडखळायची, पुढे सवय झाली. मुलंही फळ्याशी येऊन बिनधास्त चुकू लागली. वर्ग पूर्वीसारखा शांत राहिला नाही. शेजारच्या वर्गातले गुरुजी दोनदा येऊन म्हणाले, "बाई, जरा हळू." त्या मुलीने पाण्याला जायची परवानगी मागायचं केव्हा बंद केलं, तेही मला आठवत नाही.

उन्हं तापू लागली तेव्हा शाळेची तपासणी आली. तालुक्याचे साहेब भलतेच कडक होते, असं सगळीकडे बोललं जायचं. मुख्याध्यापकांनी सकाळीच मला सांगितलं, "बाई, ते कासव-बिसव आज राहू द्या. पाढे विचारतील, बराबर घेऊन ठेवा." पण साहेबांना कॉम्प्युटरची खोली दिसली आणि ते चपला काढून आत शिरलेच. सातवीची मुलं तिथेच होती. ती मुलगी खुर्चीवर बसली होती.

"काय करते ही?" त्यांनी विचारलं.

"भूमिती, सर," मी म्हटलं.

ते थोडे हसले. "बरं. मग एक चांदणी काढून दाखव बाळा. पाच टोकांची. हात न उचलता काढतो तशी."

चांदणी आम्ही कधी काढली नव्हती. तिचा कोन मला माहीत नव्हता.

तिने आधी तीनशे साठाला पाचाने भागलं, बहात्तर टाकलं. कासव फिरलं आणि पाच बाजूंचा साधा पंचकोन काढून मोकळं झालं. मागे कुणीतरी कुजबुजलं. मुख्याध्यापक खाकरले. तिने पुसलं, शंभर करून पाहिलं, ते तर कुठच्या कुठे गेलं. साहेब घड्याळाकडे पाहू लागले. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहत होते. तिथे घाम दिसतो का, ते शोधत होते. तिने मान वळवली आणि विचारलं, "बाई, बाहेर चालून पाहू का?"

"जा," मी म्हटलं.

"कुठे चालली ही?" साहेब म्हणाले.

"चालून बघायला, सर."

आम्ही सगळे दारात येऊन उभे राहिलो. तिने काडीने मातीत मोठी चांदणी काढली, हात न उचलता, सगळी पोरं काढतात तशी. मग एका टोकावर झेंड्याच्या खांबाकडे तोंड करून उभी राहिली आणि रेघेवरून चालू लागली. टोकाशी आली की एकाच बाजूला वळायची, हळूहळू, आपल्या पावलांकडे बघत. मध्येच थांबली. खांबाकडे बोट दाखवून स्वतःशीच काही बोलली. पुढे चालली. शेवटच्या टोकावर वळून पुन्हा पहिल्यासारखी खांबाकडे तोंड करून उभी राहिली, आणि तिथूनच ओरडली, "बाई, चांदणीत दोनदा फिरावं लागतंय! मी आख्खी दोनदा फिरले!"

ती पळतच आत आली. दोन फेरे म्हणजे सातशे वीस. तळहातावर भागाकार झाला. पाच वेळा, एकशे चव्वेचाळीस. तिने शेवटचं बटण दाबलं आणि कासव सपासप पाच रेघा ओढून निघाल्या टोकाला येऊन थांबलं. पडद्यावर चांदणी होती.

पोरांनी जो गलका केला, तो मुख्याध्यापकांनीही थांबवला नाही.

साहेबांनी मला बाजूला बोलावलं. "मॅडम, हे तुम्ही आधी शिकवून ठेवलं होतं ना?"

"नाही सर," मी म्हटलं. "चांदणीचा कोन मलाच माहीत नव्हता. आत्ता तिच्याकडून कळला."

हे वाक्य मी मान ताठ ठेवून बोलले. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "मला तरी कुठे माहीत होता? मी सहज विचारलं." मग ते त्या खुर्चीजवळ गेले आणि तिला म्हणाले, "सात टोकांची येईल का गं?" ती म्हणाली, "बघावं लागल, सर. मला माहीत न्हाई." म्हणताना तिचा आवाज जरासुद्धा खाली गेला नाही.

गावात बातमी संध्याकाळच्या आत पोचली. दोन दिवसांनी तिचे वडील आले. बाहेर चपला काढल्या, टोपी हातात. "काय केलंय म्हणं हिनं, मला बी दाखवा."

तिने खुर्ची ओढली, चांदणी दाखवली, चाक दाखवलं. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "ह्याच्यावर आपलं वावर निघंल का?"

"निघंल की. किती पावलं हाय ते सांगा."

मग बापलेकीचं जे सुरू झालं, त्यात मला जागाच उरली नाही. ते डोळे मिटून बांधावरून चालत असल्यासारखे सांगायचे, "विहिरीपासून आंब्यापर्यंत..." आणि ती विचारायची, "मंग तिथं किती वळायचं? काटकोनात का कमी?" ते दोन हात पसरून वळण दाखवायचे, ती त्यावरून अंदाज बांधायची. चौथी बाजू झाली, पण कासव विहिरीपाशी आलंच नाही, थोडं बाजूला जाऊन थांबलं. ती हिरमुसली. वडील पडद्याजवळ वाकले आणि एकदम म्हणाले, "अगं, बराबर हाय की! इथं नाला लागतो, तिथून बांध वाकडा गेलाय. ते मीच सांगायचं राह्यलो." तिने तो वाकडा बांध घातला आणि वावर मिटलं. ते हसले तेव्हा कळलं, तोंडावर हात ठेवायची सवय तिला कुठून आली होती.

निघताना ते दाराशी थांबले. "बाई, हसनाबादला आठवीला नाव घालायचं तर कवा जावं लागल?"

ती हायस्कूलला गेली. तिथून दहावी झाली, गणितात तिला जे गुण पडले ते ऐकून मी पुन्हा एकदा विचारून खात्री करून घेतली. पुढे सायन्स घेऊन ती जालन्याला शिकायला गेली. तिच्यामागून त्या वर्गातल्या आणखी काही मुली हसनाबादला जाऊ लागल्या, एकमेकींच्या सोबतीने.

मलाही त्या वर्षानंतर नवा गणित शिक्षक आला तेव्हा नव्या मुख्याध्यापकांनी विचारलं, "बाई, पहिलीवर परत जायचंय का?" मी म्हटलं, "नको. पाचवीपासूनचं सगळं गणित मलाच द्या." नवे गुरुजी इतिहास शिकवायला लागले, आणि तेही खुशीत होते.

तपासणीच्या साहेबांनी मला केंद्राच्या बैठकीत इतर शिक्षकांसमोर उभं केलं. पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा समोर साठाहून जास्त डोळे होते. मी त्यांना कासवाकडून त्रिकोण काढून घ्यायला सांगितला. बहुतेकांनी साठ टाकले. खोलीत हशा पिकला, मग हळूहळू एकेक जण खुर्चीवरून उठून चालायला लागला. माझ्याहून वयाने मोठे गुरुजी हात पसरून वळत होते, एकमेकांना धडकत होते. एक बाई कोपऱ्यात गप्प उभी होती. मी तिच्याकडे गेले आणि म्हटलं, "चला, आपण दोघी चालू."

पुढे कासव दाखवायला मी इतर शाळांतही जाऊ लागले. काही वर्षांनी, एका उन्हाळ्यात, मी भोकरदनच्या बसस्टँडवर एसटीची वाट पाहत बसले होते. शेजारी एक अनोळखी बाई, सोबत शाळकरी मुलगी. मुलगी माझ्याकडे टक लावून बघत होती. तिने आईला कोपराने ढोसलं आणि कानात काही सांगितलं. आईने लाजत विचारलं, "माफ करा हं, आमच्या पोरीच्या शाळेत एकदा येऊन गेल्ता का तुम्ही? ही म्हणती, तुम्ही गणिताच्या बाई हायेत."

मी म्हटलं, "हो. मीच."

गाडी लागली होती, कंडक्टर हाका मारत होता. पण ती पोरगी माझ्या हातातल्या पिशवीचा बंद धरून विचारत होती, "बाई, सहा टोकांची चांदणी हात न उचलता का येत न्हाई?" मी पिशवी खाली ठेवली, आजूबाजूला पाहून एक वाळकी काडी उचलली आणि बसस्टँडच्या धुळीत तिच्याजवळ उकिडवी बसले. "चल," मी म्हटलं, "काढून बघू."